प्लांटेड टँकमध्ये शेवाळ यायलंय? बाटली ठेवा बाजूला, आधी लाईट बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं हल्ली प्लांटेड टँकचा, म्हणजे खरी झाडं लावलेल्या माशांच्या टँकचा, नाद बऱ्याच जणांना लागलाय आणि ते बघून लई बरं वाटतंय, पण टँक लावून तीन-चार आठवडे झाले की जवळजवळ प्रत्येकाचा एकच मेसेज येतो, काचेवर हिरवं चढलेल्या टँकचा फोटो आणि खाली "दादा शेवाळ यायलंय, कुठलं औषध टाकू?" म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय, निवांत वाचा आणि वाचून झाल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

उत्तर आधीच सांगतो. लाईट दिवसाला सहा तासांवर आणा, अर्धं पाणी बदला, हातानं निघेल तेवढं शेवाळ काढून टाका, आणि भराभर वाढणारी झाडं टँकमध्ये गच्च लावा. मग तीन-चार आठवडे दर आठवड्याला पाणी बदलत रहा आणि बाकी काही बदलू नका. बहुतेकांचं काम एवढ्यावर होतंय. जे शेवाळ एवढ्यानं जात नाही त्याचं पुढं वेगळं लिहिलंय.

आता हे असं का ते समजून घ्या, कारण कारण कळलं नाही की माणूस चौथ्या दिवशी घाबरून काहीतरी टाकतोच. शेवाळाचे बीजाणू सगळीकडं असतात, नळाच्या पाण्यात, झाडाच्या पानावर, हवेत, त्यामुळं शेवाळ शून्य करायचं असं डोक्यात ठेवूच नका, ते कुणालाच जमत नाही. झाडाला जे लागतंय तेच शेवाळालाही लागतंय, लाईट, कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस. नवीन टँकमध्ये काय होतंय बघा, झाडांची मुळं अजून धरलेली नसतात, दुकानातली बरीच झाडं पाण्याच्या वर पानं ठेवून वाढवलेली असतात त्यामुळं ती जुनी पानं पाण्यात गेली की कुजतात, फिल्टरमधले बॅक्टेरिया अजून बसलेले नसतात म्हणून घाणीतनं आणि कुजक्या पानातनं होणारा अमोनिया शिल्लक राहतो, आणि आपण हौसेनं लाईट सकाळी लावतो ते रात्री जेवण झाल्यावर बंद करतो. खायला भरपूर आणि खाणारं झाड अजून आजारी, मग ते सगळं शेवाळ खाणार की. आपल्याकडं ऊस लहान असताना सरीत तण कसं माजतंय आणि उसानं एकदा रान झाकलं की तेच तण कसं मागं पडतंय ते सगळ्यांनी बघितलंय, टँकमध्ये हुबेहूब तेच चालतंय. म्हणून शेवाळ मारायच्या मागं लागण्यापेक्षा झाड वाढवायच्या मागं लागा, हे माझं ठाम मत आहे आणि खालचं सगळं त्याच्याच हिशोबानं लिहिलंय.

लाईटपासून सुरुवात करू

सगळ्यात जास्त गडबड इथंच असतीया. नवीन माणसाचा टँक शक्यतो दोन बाय एक बाय एक फुटी असतो, हिशोबानं 56 लिटर, पण माती, दगड, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी 45 लिटरच्या आसपास बसतंय. झाडांना कार्बन डायऑक्साइड गॅस द्यायचा सिलिंडर नसलेल्या साध्या टँकला लिटरमागं 20 ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) आसपास लाईट पुरतो, म्हणजे सगळा मिळून 900 ल्युमेन. घरातला 9 वॅटचा एलईडी बल्ब साधारण तेवढाच उजेड देतो. आणि आपण काय आणतो, 30-40 वॅटचा आरजीबी (लाल-हिरवा-निळा) लाईट, कारण फोटोत झाडं लाल दिसतात. तो लाईट वाईट नाही, पण तेवढ्या उजेडात झाडाला कार्बनही तेवढाच लागतो आणि तो पाण्यात नसतो, मग उरलेला लाईट शेवाळाच्या वाट्याला जातो.

डिमर असेल तर निम्म्यावर आणा. नसेल तर लाईट काचेवर ठेवण्याऐवजी सहा-आठ इंच वर टांगा, किंवा पाण्यावर तरंगणारी झाडं सोडा म्हणजे सावली होतीया. आणि टायमर घ्याच. इलेक्ट्रिकच्या कुठल्याही चांगल्या दुकानात प्लगमध्ये बसणारा फिरता टायमर मिळतो, त्याच्या चकतीवर पंधरा-पंधरा मिनिटांच्या पिना असतात, सहा तासांच्या दाबून ठेवायच्या आणि विसरून जायचं. हातानं लाईट लावणाऱ्यांचा सहा तासाचा लाईट दहा तास कधी होतो कळत नाही, पाहुणे आले की टँक चालू, पोरं बघत बसली की चालू. तुम्ही संध्याकाळी कामावरून येत असाल तर दुपारी 3 ते रात्री 9 ठेवा, झाडाला वेळेचं काही नाही, रोज तीच वेळ पाहिजे एवढंच. एक आहे, हा फिरता टायमर लाईट गेली की थांबतो, त्यामुळं ज्यांच्याकडं गावात थ्री फेजच्या वेळा पाळाव्या लागतात त्यांनी आतून बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा, नाहीतर महिन्याभरात टँकची दुपार मध्यरात्री यायला लागतीया.

खिडकीचं ऊन हा वेगळा विषय आहे आणि आपल्याकडं तो ऋतूप्रमाणं बदलतो. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतंय, खिडकीजवळचा टँक तेव्हा काही त्रास देत नाही, माणसाला वाटतं जागा बरोबर आहे. मग दसरा-दिवाळीच्या पुढं सूर्य दक्षिणेकडं झुकला की त्याच खिडकीतनं ऊन तिरकं होऊन खोलीत आतपर्यंत येतंय आणि टँकवर दोन-तीन तास पडतंय, आणि लोक विचारतात की काहीच बदल केला नाही मग अचानक पाणी हिरवं कसं झालं. दक्षिण-पश्चिमेच्या खिडकीसमोर टँक असेल तर मागच्या आणि उन्हाच्या बाजूच्या काचेला काळा चार्ट पेपर लावा, दहा-वीस रुपयाचं काम आहे.

पाणी

आठवड्याला एकदा 30 ते 50 टक्के. शेवाळ जोरात असेल तर पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातनं दोनदा. हे टाळू नका, पाणी बदलणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचं औषध आहे, कारण कुजलेल्या पानाचं, माशाच्या घाणीचं, उरलेल्या खाद्याचं जे पाण्यात विरघळलंय ते त्या पाण्याबरोबरच बाहेर जातंय.

बेळगाव शहरात नळाला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतंय, त्यात क्लोरीन असतोच. बादलीत भरून 24 तास उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, घाई असेल तर अँटिक्लोरीनचे थेंब टाका, नाहीतर हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, खडे मिळतात ते विरघळवून वापरा. सरळ नळाची पाइप टँकमध्ये सोडू नका, मासे तर जातातच आणि फिल्टरमधले बॅक्टेरियाही मरतात, बॅक्टेरिया मेले की अमोनिया वाढतो आणि अमोनिया वाढला की शेवाळाचा नवीन हंगाम सुरू. फिल्टरचा स्पंजसुद्धा नळाखाली धुवायचा नाही, टँकमधनं काढलेल्या बादलीभर पाण्यातच दोनदा पिळायचा आणि परत लावायचा, थोडा मळका राहिला तरी चालतंय.

विहिरीच्या पाण्याला क्लोरीनचा प्रश्न नाही. अथणी, चिकोडी, रायबागकडच्या ऊस पट्ट्यात बोअरचं पाणी वापरत असाल तर मात्र एकदा नायट्रेट आणि जडपणा टेस्ट करून घ्या, खताच्या रानात बोअरच्या पाण्यातच नायट्रेट असू शकतंय, मग तुम्ही पाणी बदलून उलट भर घालत असता. तसं निघालं तर साठवलेलं पावसाचं पाणी निम्मं मिसळा.

काढलेलं पाणी मोरीत ओतू नका बरं का, जास्वंदीला घाला, कढीपत्त्याला घाला, झाडं काय खूश होतात बघा.

झाडं लावायची तर किती

नवीन टँकमध्ये सगळे झाडं कमी लावतात. तीन-चार जुड्या आणि मधे मोकळी वाळू, दिसायला छान दिसतंय पण शेवाळाला रान मोकळं. वरनं बघितल्यावर जमिनीचा निदान साठ-सत्तर टक्के भाग झाडाखाली पाहिजे, आणि त्यातली जास्तीत जास्त भराभर वाढणारी. अनुबियास, जावा फर्न ही सुंदर आहेत पण ती महिन्याला एखाद-दोन पानं काढतात, ती शेवाळाशी स्पर्धा करू शकत नाहीत, उलट त्यांच्याच पानावर शेवाळ बसतंय. सुरुवातीला हायग्रोफिला, वॉटर विस्टेरिया, हॉर्नवॉर्ट, व्हॅलिसनेरिया, लुडविजिया, रोटाला रोटुंडिफोलिया ही घ्या. हायड्रिला तर आपल्या तळ्यांत अशीच वाढतीया. तळ्यातनं आणली तर दोन-तीन पाण्यात धुऊन आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा, तिच्यातनं चतुराची अळी येते आणि ती अळी गप्पीची पिल्लं खाते. हायड्रिला शोभेला फार नाही, पण पहिल्या दोन महिन्यांत ती जे काम करते ते महागातली बाटली करत नाही, नंतर काढून टाकता येते.

तरंगणाऱ्यात सालव्हिनिया किंवा पिस्टिया. ह्यांना वरची हवा मिळत असल्यामुळं कार्बनची अडचणच नसते, म्हणून पाण्यातलं नायट्रेट भराभर ओढतात आणि वर सावलीही देतात. पाण्याचा निम्मा वरचा भाग झाकला की बास, बाकीचं दर आठवड्याला काढत रहा.

आणि मनी प्लांट. प्रत्येकाच्या घरात असतोच, एक वेल घ्यायचा, मुळं फुटलेला, फक्त मुळं पाण्यात आणि पानं बाहेर राहतील असा मागच्या काचेला अडकवायचा. महिन्याभरात मुळांचा पांढरा झुपका होतो आणि तो दिवसरात्र पाणी साफ करतोय. एकही रुपया खर्च नाही. मला विचाराल तर नवीन माणसानं मासे आणायच्या आधी हा वेल लावावा.

झाडं आणल्यावर जुनी, पिवळी, भोकं पडलेली पानं कात्रीनं कापून टाका, जीव लावू नका. वरच्या टोकाचे चार-पाच इंच ठेवायचे आणि खालचा जुना दांडा टाकून द्यायचा. ते नवीन टोकच वाढणार आहे, जुनं पान पाण्यात फक्त कुजून शेवाळाला जेवण घालणार आहे.

खत बंद करू नका

शेवाळ दिसलं की लोक खत बंद करतात. उपाशी झाड वाढत नाही आणि उपाशी झाडाच्या पानावर शेवाळ आधी बसतंय, म्हणजे उलटाच परिणाम होतो. परदेशी खताच्या बाटल्या महाग आहेत हे खरं, पण त्यात नायट्रेट, फॉस्फेट आणि पोटॅश ज्या रूपात असतंय तेच आपल्या कृषी सेवा केंद्रात ड्रिपला सोडायच्या विद्राव्य खतात मिळतंय. 13:0:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, 0:52:34 म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. एक किलोचं पाकीट घेतलं तर ते संपायला वर्षं जातील, चार मित्रांत वाटून घ्या.

एका बाटलीत 200 मिली आरओच्या पाण्यात 13:0:45 दहा ग्रॅम आणि 0:52:34 दोन ग्रॅम विरघळवा. ह्यातलं 10 मिली, 45 लिटरच्या टँकला, आठवड्यातनं एकदा, पाणी बदलल्यावर. ह्यानं नायट्रेट सहा-सात पीपीएम (म्हणजे लिटरमागं तेवढे मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट दीड पीपीएमच्या आसपास वाढतंय, साध्या टँकला भरपूर झालं. मासे जास्त असतील तर नायट्रेट त्यांच्याच घाणीतनं मिळतंय, तेव्हा निम्मं घाला. सूक्ष्म अन्नद्रव्यांचं, म्हणजे लोह वगैरे, ते एक्वेरियमचंच घ्या आणि वेगळ्या दिवशी घाला, फॉस्फेटबरोबर लोह टाकलं की साका होऊन खाली बसतंय.

हे मात्र लक्षात ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगा, 19:19:19 चालत नाही, 12:61:0 चालत नाही, युरिया तर अजिबात नाही. ह्या सगळ्यांत अमोनियम किंवा युरिया असतंय, टँकमध्ये गेलं की मासे मरतात आणि शेवाळ असं फुटतंय की बोलायची सोय नाही. शेतावरच्या घरात 19:19:19 हाताशी असतंय आणि "सगळ्याच पिकाला चालतंय की" म्हणून कोणीतरी चिमूटभर टाकतंच. गांडूळ खत सुद्धा तळाला जाड थर देऊन वापरू नका, तांबड्या मातीत थोडंसं मिसळा, वर दीड-दोन इंच धुतलेल्या वाळूचा थर द्या आणि एकदा झाडं लावली की ती माती उकरत बसू नका.

कुठलं शेवाळ ते ओळखा

तपकिरी भुकटी, बोटानं पुसली की धुरासारखी उडते, ही डायटम. नवीन टँकमध्ये पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत येतेच, कोणाच्याही टँकमध्ये येते, पुसत रहा आणि काळजी सोडा, आपोआप जाते.

काचेवर हिरवी भुकटी चढत असेल तर लाईट जास्त आहे, कमी करा आणि पाणी बदलायच्या आधी पुसा म्हणजे ती बाहेर जाईल. काचेवर आणि अनुबियासच्या पानावर घट्ट हिरवे ठिपके, नखानं खरवडावं लागतंय असे, हे बहुतेक वेळा फॉस्फेट कमी आणि लाईट जास्त असल्याची खूण आहे, वरचं खत सुरू केलं की नवीन ठिपके कमी होतात. जुने मात्र ब्लेडनंच काढावे लागतात, ॲक्रिलिकचा टँक असेल तर ब्लेड नको, जुनं एटीएम कार्ड वापरा.

हिरव्या केसांसारखं किंवा दोऱ्यासारखं लांब असेल तर जुना टूथब्रश घ्या, शेवाळात खुपसा आणि शेवया काट्यावर गुंडाळतो तसा गोल फिरवा, झुपकाच्या झुपका गुंडाळून येतो. रोज पाच मिनिटं हे केलं, लाईट कमी केला, झाडं वाढवली की ते मागं हटतं. मॉसमध्ये (लाकडा-दगडावर लावतात त्या बारीक झाडात) अडकलं असेल तर ते मॉस टाकून द्यायची तयारी ठेवा, त्यातनं पूर्ण निघत नाही.

पाणीच हिरवं, मागचं काही दिसत नाही, हे तरंगतं शेवाळ. फिल्टरमध्ये अडकत नाही कारण फार बारीक असतंय, आणि नुसतं पाणी बदललं तर दोन दिवसात परत तसंच. ह्याला अंधार द्यायचा. आधी अर्धं पाणी बदला, मग टँकवर जाड चादर किंवा गोधडी चारी बाजूनं घाला, कुठंही फट नको, आणि तीन-चार दिवस उघडून बघायचं सुद्धा नाही. ह्या दिवसांत खाद्य बंद, एअर पंप मात्र चोवीस तास चालू पाहिजे कारण मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन ओढतंय. चादर काढली की लगेच परत अर्धं पाणी बदला. हे शेवटचं पाणी बदलणं विसरलात तर सगळी मेहनत वाया, मेलेल्या शेवाळाचं खत पाण्यातच राहतंय. आणि उन्हाची बाजू झाकली नसेल तर पंधरा दिवसांत परत येणार.

निळसर-हिरवी, बुळबुळीत, चादरीसारखी सलग निघणारी आणि घाण वास येणारी असेल तर ते खरं म्हणजे शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया आहेत. वाळूच्या कडेला, काचेला चिकटून, जिथं पाणी हलत नाही तिथं सुरू होतंय. आधी पाइपनं ओढून काढा, मग वरच्यासारखा तीन-चार दिवस अंधार द्या, फिल्टरचा प्रवाह त्या कोपऱ्याकडं वळवा, आणि नायट्रेट टेस्ट करा, ते शून्य निघालं तर खत कमी पडतंय असं समजा. अँटिबायोटिक गोळ्या टाका असं कोणी सांगेल, टाकू नका, तुमच्या फिल्टरमधले बॅक्टेरिया सुद्धा बॅक्टेरियाच आहेत आणि ते पाणी शेवटी गटारात जातंय.

काळी दाढी

ही सगळ्यात चिवट, ब्लॅक बिअर्ड अल्गी ह्या इंग्रजी नावावरनं सगळे बीबीए म्हणतात. अनुबियासच्या पानाच्या अगदी कडेला, लाकडावर, फिल्टरच्या पाइपच्या तोंडाला अर्ध्या सेंटिमीटरचे काळे-राखाडी झुपके, जवळनं बघितलं तर ब्रशचे केस पाण्याच्या ओढीनं एका बाजूला हलायलेत असं दिसतंय. ओढून निघत नाही, पान फाटतं पण ते निघत नाही. हे लाल शेवाळाच्या जातीतलं आहे, म्हणून मरताना रंग बदलतो, ते पुढं येईल. कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त होत राहणं आणि टँकमध्ये कुजका कचरा साठणं ही ह्याची नेहमीची कारणं. कार्बन डायऑक्साइडसाठी साखर-यीस्टची घरगुती बाटली लावणाऱ्यांच्याकडं हे हमखास येतंय कारण त्या बाटलीचा गॅस सुरुवातीला भरपूर आणि आठवड्याच्या शेवटी काहीच नाही असा असतो. एक तर नीट सिलिंडर लावा, नाहीतर गॅसचा नादच सोडा आणि लाईट कमी ठेवा, मधलं नको.

जास्त धरलेली पानं कापून टाका. लाकूड, दगड, पाइप ह्यावरचं मारायला हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, मेडिकलमध्ये मिळतं, पण बाटलीवर टक्के वाचल्याशिवाय हात लावू नका. आपल्याकडं बऱ्याच वेळा 6 टक्क्याचं मिळतं, बाटलीवर 20 व्हॉल्यूम लिहिलेलं असतंय, आणि सगळीकडं सांगितलेली मापं 3 टक्क्याची असतात. 45 लिटर पाण्याला 3 टक्क्याचं एका वेळेला जास्तीत जास्त 15 मिली, 6 टक्क्याचं असेल तर सात मिली, त्याच्या वर जायचं नाही. हातात ग्लोव्हज घाला. फिल्टर बंद करायचा, पाणी थांबू द्यायचं, सुई काढलेल्या सिरिंजनं शेवाळाच्या अगदी जवळ जाऊन हळूहळू सोडायचं, झुपक्यातनं बारीक बुडबुडे निघायला लागतात. दहा मिनिटांनी फिल्टर चालू आणि एक तिसरा हिस्सा पाणी बदला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळं असलेलं गुलाबी-लालसर दिसायला लागतंय, मग पांढरं पडतंय, मग मासे आणि श्रिम्प (छोटी कोळंबी) ते कुरतडून खातात. मॉस, रिक्सिया, व्हॅलिसनेरिया ह्यांच्यावर ते थेट सोडू नका, जळतात. आणि माशांनी वर येऊन तोंडं उघडझाप करायला सुरुवात केली तर थांबा आणि लगेच अर्धं पाणी बदला.

लिक्विड कार्बन म्हणून जी बाटली मिळते तिच्यात बहुतेक ग्लुटारॲल्डिहाइड असतंय, शेवाळावर चालतं पण माणसाच्या डोळ्याला, छातीला वाईट, आणि व्हॅलिसनेरिया विरघळून जाते. घरात लहान पोरं असतील तर मी तरी आणू नका म्हणेन. तांबं असलेली शेवाळनाशकं तर श्रिम्प आणि गोगलगाई सगळ्या मारतात.

शेवाळ खाणारे मासे

दुकानदार पहिल्यांदा सकर देतो, दोन इंचाचा, काचेला चिकटलेला, पोरांना आवडतो. तो वाढून फूटभर आणि त्याहून जास्त होतो, मोठा झाला की शेवाळ सोडून खाद्यावर येतो, झाडं उपटतो आणि घाण एवढी करतो की त्यावर नवीन शेवाळ येतंय. मग लोक तो किल्ल्याच्या तळ्यात नाहीतर मार्कंडेय, मलप्रभेत सोडतात, हे कृपा करून करू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, भारतात कितीतरी ठिकाणी नद्या-तळ्यात पसरलाय आणि आपल्या माशांचं जगणं अवघड करायलाय. नको झाला तर दुकानात परत द्या. सालव्हिनिया-पिस्टियाचं जास्तीचं सुद्धा ओढ्यात टाकायचं नाही, उन्हात कडक वाळवून कुंडीत खत करा.

दोन फुटी टँकला नेराइट गोगलगाय दोन-तीन, चेरी श्रिम्प दहा-बारा आणि दोन मॉली मासे एवढं छान चालतंय. नेराइटची अंडी गोड्या पाण्यात फुटत नाहीत त्यामुळं तिची गर्दी होत नाही, फक्त लाकडावर पांढरे ठिपके दिसतात. सयामीज अल्गी ईटर केसाळ शेवाळ आणि काळी दाढीही खातो, पण तो पाच-सहा इंच होतो, त्याला तीन फुटाचा टँक पाहिजे, आणि त्याच्या नावावर दुसरेच मासे विकतात, म्हणून अंगावरची काळी पट्टी शेपटीच्या पाकळीच्या टोकापर्यंत गेलीय का बघून घ्या.

आणि खाद्य कमी. दिवसातनं एकदा, एक-दोन मिनिटांत संपेल एवढंच, आठवड्यातनं एक दिवस उपास. गणपतीला गावाकडं जाताना शेजारच्या काकूंना खाद्याचा डबा देऊन जाऊ नका, त्या मायेनं मूठभर घालतात. मोठे, धडधाकट मासे चार-पाच दिवस काही न खाता व्यवस्थित राहतात. जास्त दिवस जाणार असाल तर कागदाच्या पुड्या बांधून द्या, एका दिवसाची एक, आणि डबा कपाटात ठेवा.

हे सगळं सुरू केल्यावर काचेवरच्या जुन्या शेवाळाकडं बघून निर्णय घेऊ नका, झाडाच्या टोकाची नवीन पानं बघा. ती स्वच्छ, उभी आणि आधीच्यापेक्षा मोठी येत असली तर तुमचं बरोबर चाललंय, खालची खराब पानं दर आठवड्याला कापत रहा. चार-पाच आठवडे टँक असा टिकला आणि झाडं वरपर्यंत आली की मगच लाईट वाढवा, एका वेळेला अर्धा तास, आणि मग दोन आठवडे थांबून बघायचं. पुसलेल्या काचेवर दोन-तीन दिवसांतच परत हिरवट थर धरायला लागला तर तो अर्धा तास परत काढून टाका.